डब्याखालची तारीख

कामतघर, भिवंडी
९ जुलै २०२४

संघरत्ना, जयभीम.

तुझा फोन आला तेव्हा तुझ्या बापाने, रवींद्रने, मोबाइल माझ्या कानाला धरला आणि तूच ओरडतेस की तो ओरडतोय ते मला कळेना. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरल्या, कान तिथंच राहिले. रवींद्रने बोट वर आभाळाकडे केलं. मी म्हटलं, कोण गेलं? मग त्याने कागदावर लिहिलं, 'बढती'.

तर आता पत्रच लिहीत जा. साठीला आल्यावर विहारातल्या वर्गात अक्षरं गिरवली, ती काय रेशन दुकानाची पाटी वाचायला?

चाळीत सगळ्या विचारतात, तुझी नात इंदूरला करते काय. समोरची धोंडूबाई म्हणते, स्वयंपाकाचा कोर्स केलाय, मोठ्या हॉटेलात असेल. मी म्हटलं, तिला धड भात लावता येत न्हाय, हॉटेलात कोण उभं करील! ती खाण्याची शास्त्रज्ञ हाय. "म्हंजे काय करते?" तिथं माझी गाडी अडली. मला आठवतं ते एवढंच, आठवीत असताना तू सुके बोंबील तीन डब्यांत भरलेस. एकात मीठ जास्त, एकात कमी, एकात नाहीच. वर तारखेच्या चिठ्ठ्या. महिनाभरात सगळी चाळ नाक धरून फिरायला लागली. शेजारच्या चंद्राने तर विचारलं, घरात मढं ठेवलंय का? मी तुला दोन धपाटे घातले, पण डबे फेकले नाहीत, हे लक्षात ठेव.

तेव्हा सोप्या भाषेत लिही, तू नक्की काय करतेस. धोंडूबाईच्या तोंडावर वाचून दाखवायचंय.

मी बरी आहे. बसून करायचं काम मिळालंय. रवींद्र टेम्पो चालवतो त्या राहनाळच्या गोडाऊनातून खोकी दारात येतात. मागच्या खेपेला त्यात तुझ्या कंपनीचे डबे निघाले, बाळाच्या खाण्याचे, पिवळ्या बदकाचं चित्र असलेले. मी बायकांना म्हटलं, नीट हात लावा, हे माझ्या नातीनं केलंय. त्यातले दोन तुझ्या मृणालीसाठी काढून ठेवलेत. महिनाअखेर चिंधू ड्रायव्हरची गाडी इंदूरला निघते, त्याच्याकडे देते. तुझंच तुला पाठवते म्हणून हसू नकोस. नऊ महिन्यांच्या पणतीला मी दुसरं काय पाठवू? सुकटीची चटणी? ती तुला आहे.

तुझी आजी
शेवंता


इंदूर
१९ जुलै २०२४

प्रिय आजी, जयभीम.

धोंडूबाईंना सांग, मला अजूनही भात लावता येत नाही.

आता माझं काम. आमच्या लॅबमध्ये माणूस उभा राहील एवढी कपाटं आहेत. त्यांच्यात भिवंडीचा मे महिना कायमचा कोंडून ठेवलाय असं समज, तसंच गरम, तसंच दमट. नवा पदार्थ तयार झाला की त्याचे डबे मी त्यात ठेवते आणि दर महिन्याला एक फोडते. तेल खवट झालं का, ओल धरली का, जंतू वाढले का, सगळं तपासते. मग आम्ही सहाजण चव घेतो. ज्या महिन्यात पदार्थ बिघडायला लागतो, त्याच्या बऱ्याच अलीकडे मी रेघ मारते. ती रेघ म्हणजे डब्याखाली छापलेली तारीख.

पिवळ्या बदकाच्या डब्याची तारीख माझी आहे, आजी. त्या एका आकड्यासाठी मी दीड वर्ष त्या कपाटापुढे उभी होते. दुकानात एखादी आई डबा उचलते, उलटा करते, आकडा बघते आणि पिशवीत टाकते. ती मला ओळखत नाही. पण माझ्या शब्दावर बाळाला भरवते.

म्हैसूरला शिकायला गेले तेव्हा मुलाखतीत विचारलं होतं, या विषयाकडे कशा वळलात? मी म्हटलं, माझी आजी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीवर नुसती वाकायची आणि सांगायची, हा माल किती दिवसांचा आहे ते. कधी चुकली नाही. ते हसले, पण जागा दिली. ही गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगते.

डब्यांची वाट बघतेय. तुझं ते बसून करायचं काम पॅकिंगचं आहे का?

तुझी
संघरत्ना


कामतघर
२७ जुलै २०२४

संघरत्ना,

पत्र मिळालं. धोंडूबाईला वाचून दाखवलं नाही. तिला पडसं झालंय.

चिंधूची गाडी कालच निघाली, डबे घेऊन. ते डबे उघडू नकोस. मुंग्या लागल्या होत्या. मी वरून पुसून दिले, पण आत गेल्या असतील. फेकून दे. कुत्र्यालाही घालू नकोस. चटणी खा, ती माझ्या हातची आहे.

मृणालीला घरचं खिमट भरव. तुझ्या बापाला त्याच्यावरच वाढवला.

काम पॅकिंगचंच म्हण.

शेवंता


इंदूर
१४ ऑगस्ट २०२४

आजी,

तुझं पत्र चार ऑगस्टला आलं. डबे एकोणतीस जुलैलाच आले होते.

घरातलं मृणालीचं खाणं संपत आलं होतं. तू पाठवलेत म्हणून मी कौतुकानं तोच डबा फोडला. सवयीनं उलटा करून तारीख बघितली. पुढच्या वर्षीचा मार्च. झाकण काढलं तर वास जरा जड वाटला. मी पुन्हा तारीख बघितली, नाकाला खोटं ठरवलं आणि चमचा भरला. तीन दिवस भरवलं.

मग जुलाब आणि उलट्या. चार दिवस दवाखान्यात सलाइन. हाताची शीर मिळेना म्हणून सुई पायाला लावली. आता घरी आहे, हसते. पण चमचा दिसला की तोंड फिरवते.

तुझं मुंग्यांचं पत्र मी दवाखान्यात वाचलं. नंतर दोन्ही डबे लॅबमध्ये नेले. मुंगी एकही नव्हती. बुडाला नाक लावलं तर थिनरचा वास. तारखेखाली इंग्रजी अक्षरांची एक बारीक ओळ असते, बॅच नंबर. माल कधी भरला ते त्यावरून कळतं. ती ओळ कोणी पुसली नव्हती. प्रत्येक बॅचचा एक डबा आम्ही जपून ठेवतो. या बॅचचा मी काढून बघितला. त्यावरची तारीख मागच्या वर्षीच्या मे महिन्याची होती. मीच दिलेली.

पप्पांना फोन केला. ते म्हणाले, "आजीला विचार," आणि ठेवला.

तुला विचारते. खरं लिही.

संघरत्ना


कामतघर
२३ ऑगस्ट २०२४

संघरत्ना,

दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं.

दर दोन दिवसांनी तुझा बाप खोकी आणतो. मी, धोंडूबाई आणि चंद्रा माझ्या दारात बसतो. लूमची चिंधी घ्यायची, थिनरमध्ये बुडवायची आणि डब्याच्या बुडावरची तारीख पुसायची. जोरात घासलं की पत्र्याची चमक जाते, मग बघणाऱ्याला कळतं. म्हणून चिंधी हळू फिरवायची, पोराचं तोंड पुसतो तशी. त्या दोघींना मीच शिकवलं. पुसलेले डबे परत जातात, नवी तारीख तिकडे मशीनवर मारतात. मृणालीचे दोनही रवींद्रने तिथूनच तारीख मारून आणले. धोंडूबाईला आणि चंद्राला वाचता येत नाही, तेव्हा शेवटची नजर माझी. आकड्याचा काही भाग राहिला का ते मी बघायचं. विहारातल्या बाईंनी माझा हात धरून आकडे शिकवले, त्याचं मी हे केलं.

गोडाऊनच्या शेठचा माणूस म्हणाला, "मावशी, तारीख नजदीक आली की दुकानवाला माल वापस करतो. माल एकदम चोख है." मी मान हलवली. बायकांनाही तेच सांगितलं. वर माझं शहाणपण, की कंपन्यांना नवा माल खपवायचा असतो म्हणून तारखा छापतात. तो आकडा कोण्या मशीनचं खूळ आहे असं मी धरून चालले होते. त्याच्यामागे कोणी पोर दीड वर्ष उभी असेल, आणि ती आमच्याच घरातली असेल, हे तुझ्या पत्राने कळलं.

हे लिहिलं आणि वाचून बघितलं. यातही मी स्वतःला सोडवतेच आहे.

तू म्हैसूरच्या लोकांना माझ्या नाकाचं सांगितलंस. ते नाक अजून शाबूत आहे. सहा महिन्यांत एक डबा फोडून हुंगला असता तर पुढचं काम हातात धरवलं नसतं. म्हणूनच फोडला नाही. एकदा खोकं पडून एक डबा आपोआप उघडला, तर मी पदर नाकाला लावला. चंद्राला म्हटलं, थिनरने डोकं चढतं. तिला खरं वाटलं.

आता मुंग्यांचं. तुझं पत्र हातात आलं तेव्हा चिंधूची गाडी निघून चार तास झाले होते. चाळीत प्रत्येकीकडे मोबाइल आहे. धोंडूबाईच्या सुनेला म्हटलं असतं, माझ्या नातीला फोन लाव, डबे उघडू नको म्हणावं, तर मिनिटाचं काम. पण ती विचारणार, का? रवींद्रला सांगितलं असतं तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला असता. म्हणून मी टपाल टाकलं. टपालाला आठ दिवस लागतात हे मला माहीत होतं.

तुझ्या पोरीच्या पायाला सुई टोचली ती तेवढ्यासाठी, मला कोणी 'का' विचारू नये म्हणून. माफ कर असं लिहीत नाही. ते लिहून मलाच बरं वाटेल.

काल खोकी आली ती मी परत पाठवली. तुझ्या बापाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऐकू येत न्हाय. धोंडूबाई आणि चंद्रा आता धोंडूबाईच्या खोलीत बसून पुसतात, खोली नंबर सात. मी त्यांना थांबा म्हटलं, तर धोंडूबाई म्हणाली, "तुझी नात पोसते तुला, माझी कोण हाय?"

तुला जे करायचं ते कर.

शेवंता


इंदूर
४ सप्टेंबर २०२४

आजी,

पत्र मिळालं. तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

ते डबे अजून कुठल्यातरी घरात फोडले जात असतील. गप्प बसणं शक्य नव्हतं. मी कंपनीला कळवलंय, कंपनी अन्न विभागाकडे गेलीय. लवकरच तिकडे माणसं येतील. तू आता त्या कामाला हात लावू नकोस आणि कोणी काही विचारलं तर बोलू नकोस. तुला काही होणार नाही याची काळजी मी घेतलीय.

मृणाली खिमट खाते. चमच्याने नाही, माझ्या बोटाने.

संघरत्ना


कामतघर
३० सप्टेंबर २०२४

संघरत्ना,

बुधवारी आले. दोन जीप. आधी राहनाळचं गोडाऊन सील केलं, तिथून चाळीत. साहेबाच्या हातात कागद होता. त्यावर खोली नंबर सात, धोंडूबाई आणि चंद्रा. नावं वाचून हाका मारल्या. मोरीत थिनरची बाटली सापडली. शेठने आधीच हात झटकले होते, की मी माल भंगारात काढला, या बायकांनी परस्पर पुसून विकला. दोघींना चौकीत नेलं, दिवे लागेपर्यंत बसवून ठेवलं. चंद्राच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

त्यांना माझ्या दारावरून नेलं. साहेब थांबला, मला म्हणाला, "आजी, तुम्ही पण?" ओठांवरून मला कळलं. मी कानाकडे बोट दाखवलं. तो पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी धोंडूबाई माझ्या उंबऱ्यात उभी राहिली. "शेवंता, ज्यानं सांगितलं त्याला माझी खोली ठावूक, चंद्राचं नाव ठावूक. काम सुरू झालं तुझ्या दारात. चिंधी कशी फिरवायची ते तू दावलंस. मग कागदावर तुझंच नाव कसं न्हाय गं?" एवढ्या मोठ्याने म्हणाली की माझ्यासारखीलाही सगळं ऐकू आलं. बाकी चाळीला तर आलंच.

काळजी घेतलीस ती ही? खरं लिही म्हणालीस म्हणून मी खोलीसकट लिहिलं. त्या पत्रातून तू त्या दोघींना उचललंस, तुझ्या बापाला वगळलंस आणि मला पुसलंस. काय हात आहे गं तुझा! चमकसुद्धा गेली नाही.

मला वाचवायला केलंस असं म्हणशील. थोडं असेल तसं. पण साहेबापुढे उभं राहून 'पुसणारी माझी आजी आहे' हे तुझ्या तोंडून निघेना. मला कळतं. माझ्या तोंडून मुंग्या निघाल्या होत्या.

शुक्रवारी बसने ठाण्याला गेले. अन्न विभागाचं हापीस तिसऱ्या मजल्यावर आहे. सोबत माझी चिंधी नेली होती, पिशवीत बांधून. तिथल्या पोरगेल्या साहेबाने लिहून घ्यायला कागद ओढला. मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही विचाराल ते मला ऐकू यायचं न्हाय. दोन पानं लिहिली. शेठचा माणूस केव्हा आला, काय बोलला, टेम्पोचा नंबर, तारीख मारायचं मशीन गोडाऊनात कुठल्या बाजूला आहे ते रवींद्रने सांगितलेलं, सगळं. पुसायला मी शिकवलं हे सगळ्यात वर लिहिलं.

तुझ्या बापाचं नावही लिहिलं. तो घरात माझ्याशी बोलत नाही. तसाही मला ऐकू येत नाही, फार फरक पडला नाही. पण मी ताट वाढलं की तो उठून जातो, ते दिसतं.

तुझं नाव मी लिहिलं नाही. ते तुझं तू लिही.

शेवंता


इंदूर
१५ ऑक्टोबर २०२४

आजी,

तू लिहिलंस ते खरं आहे. अहवालात मी 'स्थानिक माहितीनुसार' असं लिहिलं होतं. सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. टाळ्या वाजल्या. धोंडूबाईंनी मला लहानपणी न्हाऊमाखू घातलंय, आणि त्यांचं नाव मी जसंच्या तसं टाइप केलं. खोली नंबरासकट.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तुझ्या नाकाची गोष्ट मी इतकी वर्षं सांगत आले, पण त्यात तू कधीच कांड्या भरत नाहीस. चाळ नाही, लूम नाही. ऐकणाऱ्यांना वाटतं, आमचा मासळीचा मोठा व्यापार असेल. मी त्यांना तसं वाटू देते. तुला पुसायची सवय मला आधीपासूनच होती.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. डबे कोणी पुसले, मला कसं कळलं, मी कोणाची नावं दिली आणि कोणाची नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, चौकशी होईपर्यंत तारखांच्या कागदांवर तुम्ही सही करायची नाही. आता मी लॅबमध्ये जाते, कपाटं पुसते, डबे मोजते. मी आले की बोलणारे थांबतात.

पंचवीस तारखेला ठाण्याला जबाब द्यायला येतेय. चाळीत येऊ का?

संघरत्ना


कामतघर
४ नोव्हेंबर २०२४

संघरत्ना,

आलीस ते बरं केलंस. धोंडूबाईने तुला पाणी विचारलं नाही म्हणून तू बसमध्ये चढताना रडलीस, असं तुला सोडायला आलेला चिंधू म्हणाला. रडू नकोस. ती मलाही विचारत नाही. तिच्या दारात तासभर उभी राहिलीस, चाळीतल्या सगळ्यांनी बघितलं. एवढंच आपल्या हातात होतं. त्या दोघींना आता साक्षीदार धरणार म्हणतात. शेठ जामिनावर सुटलाय आणि आमच्या गल्लीतून गाडी हळू नेतो. नेऊ दे. हॉर्न मला ऐकू येत नाही.

तुझा बाप काल ताटावरून उठला नाही. पोटभर जेवला.

चिंधूकडे एक डबा देतेय. मृणालीसाठी खिमटाचं पीठ आहे. तांदूळ आणि मूग धुऊन सुकवले, भाजले, खलबत्त्यात कुटले. माझे हात अजून थिनरने सोललेलेच आहेत म्हणून चंद्राने कुटायला मदत केली. ती आपणहून येऊन बसली.

बाजारचं पिवळं बदक नाही यावर. कधीपर्यंत चालेल ते मी लिहिलेलं नाही. ते तुझ्या कपाटाचं काम, सही चालो न चालो. झाकण काढलंस की आधी हुंग. जरा जरी जड वाटलं तर फेक. आजीचं आहे म्हणून ठेवू नकोस. बरं वाटलं तर आधी तू खा, एक दिवस थांब, मग तिला दे.

केल्याची तारीख मात्र टाकलीय. पहिल्यांदा शाईने चिठ्ठी लिहून चिकटवली. मग ओलं बोट फिरवून बघितलं, तर पुसली गेली. म्हणून डबा उलटा केला आणि खिळ्याने बुडावर कोरली. थोडी वाकडी आलीय.

चिंधीला उरलेलं थिनर लावून घासून बघितलं. जात नाही.

शेवंता